शीर उघडली, मग पंपिंग ३८ टक्केच का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही करमाळा तालुक्यातले. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ६१ वर्षांचे आहेत. तीन आठवड्यांपूर्वी ऊसतोडीच्या गडबडीत दोन दिवस चालताना त्यांच्या छातीत भरून येत होतं, बसलं की थांबायचं. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला जोरात दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून सोडा दिला, आईनं छातीला तेल चोळलं. साडेसहाला तालुक्याच्या रुग्णालयात पोचलो. ईसीजी काढल्याबरोबर ॲटॅक आहे म्हणाले आणि सातला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात दुखणं थांबलं, पण तेवढ्यात मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे झाले. ऑक्सिजनसुद्धा लावला नव्हता. नंतर १०८ नं सोलापूरला हलवलं, दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी करून एक स्टेंट टाकला. शीर मस्त उघडली म्हणाले, पण एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, ३८ टक्के आलं.

पुण्याच्या चुलतभावानं एक लेख पाठवला. त्यात लिहिलंय की बंद शिरेत रक्त परत सोडलं की त्या रक्तानंच स्नायू मरतो. अण्णा म्हणाले, ‘म्हणजे लाइट आल्या आल्या मोटर जळते तसं!’ तेव्हापासून मला झोप नाही. इंजेक्शन घेऊन चूक झाली का? थेट सोलापूर गाठायला हवं होतं का? स्नायू वाचवायचं औषध सोबत का दिलं नाही? ओळखीचे एक गृहस्थ दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या म्हणतात, रोज लावलं की हृदय मजबूत होतं म्हणे. किंमत बरीच आहे. अण्णांना मात्र एकच विचारायचंय : आषाढीला पायी जाता येईल का?

उत्तर : ताई, आधी इंजेक्शनचं सांगतो, म्हणजे आज रात्री तरी झोप लागेल. ते घेतलं हे बरोबरच झालं. १९८६ साली इटलीत सुमारे ११,७०० रुग्णांवर गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज वापरून पाहिलं, तेव्हा मृत्यू कमी होतात हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालं. दोनच वर्षांनी १७,१८७ रुग्णांचा आयसिस-२ हा अभ्यास आला. त्यात ज्यांना ते इंजेक्शनही नाही आणि ॲस्पिरिनही नाही, अशांपैकी १३.२ टक्के रुग्ण पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणानं दगावले. दोन्ही मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. आता याहून सुधारलेली इंजेक्शनं आली आहेत, पण तत्त्व तेच : शीर उघडा, आणि लवकर उघडा.

थेट सोलापूरला गेला असता तर? हिशोब मांडून बघा. साडेसहाला ईसीजी, मग गाडीची जमवाजमव, दोन-अडीच तासांचा रस्ता, तिथं पोचल्यावर कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) तयार करणं, कागदपत्रं. तार शिरेतून पार व्हायला दहा तरी वाजले असते. जगभरातले हृदयरोगतज्ज्ञ जी मार्गदर्शक तत्त्वं पाळतात, त्यात स्पष्ट म्हटलं आहे की निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी (तार घालून फुग्यानं शीर उघडणं) होणार नसेल आणि इंजेक्शन द्यायला काही अडचण नसेल, तर ते आधी द्या आणि मग रुग्णाला मोठ्या केंद्रात पाठवा. २०१३ मध्ये स्ट्रीम नावाच्या अभ्यासात १,८९२ रुग्णांवर हे दोन्ही मार्ग ताडून पाहिले. सगळे दुखणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत आलेले आणि तासाभरात अँजिओप्लास्टी न मिळणारे होते. आधी इंजेक्शन आणि नंतर अँजिओग्राफी केलेले रुग्ण थेट अँजिओप्लास्टी झालेल्यांच्या मागे पडले नाहीत. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका इंजेक्शनच्या गटात थोडा जास्त होता, हेही सांगायला हवं. सुदैवानं अण्णा त्यातून सुटले. तालुक्याच्या त्या डॉक्टरांनी अर्ध्या तासात ईसीजी वाचून निर्णय घेतला आणि औषध टोचलं. भेटलात तर त्यांचे आभार माना.

ऑक्सिजनबद्दल नातेवाईक आमच्याशी नेहमी भांडतात. ‘साधा ऑक्सिजन लावला नाही!’ स्वीडनमध्ये ६,६२९ रुग्णांवर हेच तपासलं. रक्तातला ऑक्सिजन ९० टक्के किंवा त्याहून जास्त असताना वरून मास्क लावल्यानं वर्षभरात मृत्यू कमी झाले नाहीत. हा निकाल २०१७ चा. अण्णांचं बोटावरचं यंत्र ठीक आकडा दाखवत असेल, तर मास्क न लावण्यात काही चुकलं नाही.

आता चुलतभावाच्या लेखाकडे येतो. त्यातली मूळ गोष्ट खरी आहे, आणि अण्णांची मोटर तर अनेक पुस्तकांपेक्षा बरी समजूत देते. फक्त हृदयात नेमकं काय जळतं ते बघू.

शीर बंद झाली की पेशीला ऑक्सिजन मिळत नाही. ती ऑक्सिजनशिवाय कशीबशी ऊर्जा काढत राहते आणि आत आम्ल साठतं. ऊर्जा संपत आली की पेशीच्या भिंतीवरचे पंप बंद पडतात आणि सोडियम आत तुंबतं. गंमत अशी की हे आम्ल त्या वेळी पेशीला थोडं सांभाळतही असतं. पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या भिंतीत एक दार असतं, आम्लामुळे ते बंद राहतं. रक्त परत आलं की बाहेरचं आम्ल झपाट्यानं धुऊन निघतं. पेशी आतलं आम्ल बाहेर टाकते, त्याच्या बदल्यात आणखी सोडियम घेते आणि ते सोडियम बाहेर काढताना कॅल्शियम आत ओढते. त्याच मिनिटांत अचानक मिळालेल्या ऑक्सिजनमधून मोडतोड करणारे रेणू तयार होतात. आम्ल गेलं, कॅल्शियम वाढलं, हे रेणू आले की ते दार उघडतं आणि मायटोकाँड्रिया फुगून निकामी होतात. कॅल्शियमच्या अतिरेकानं स्नायूचे धागे आखडून फाटतात. हे सगळं पहिल्या काही मिनिटांचं नाटक. त्यानंतर तासन् तास पांढऱ्या पेशी येऊन तिथं सूज आणतात आणि केशवाहिन्या आतून तुंबतात. अँजिओग्राफीत मोठी शीर स्वच्छ दिसते, पण केशवाहिन्या त्या चित्रात दिसतच नाहीत. म्हणून ‘शीर मस्त उघडली’ आणि ‘पंपिंग ३८’ ही दोन्ही वाक्यं एकाच रुग्णाबद्दल खरी असू शकतात.

मॉनिटरवरचे वेडेवाकडे ठोके हे बहुतेक याच क्षणाचे. रक्त परत सुरू होताना खालच्या कप्प्यातून काही काळ वेगळ्या लयीत ठोके पडतात, मिनिटाला ६० ते १०० च्या आसपास, आणि आपोआप थांबतात. दुखणं थांबणं आणि हे ठोके येणं एकदम झालं, तर आम्ही खरं म्हणजे मनातून खूश होतो, कारण शीर उघडल्याची ती खूण असते. क्वचित मात्र प्राणघातक लय सुरू होते आणि शॉक द्यावा लागतो. त्यासाठीच रुग्णाला मॉनिटरवर ठेवतात.

तुमच्याकडे फाइल असेलच. त्यात इंजेक्शनच्या आधीचा ईसीजी आणि साधारण तासा-दीड तासानं काढलेला दुसरा, असे दोन कागद शोधा. शेजारी ठेवून व्ही२, व्ही३, व्ही४ असं लिहिलेल्या रेघा पाहा. पहिल्या कागदावर ठोक्याच्या टोकानंतरची रेघ कमानीसारखी वर उचललेली दिसेल. दुसऱ्यावर ती उंची निम्म्याहून जास्त खाली आली असेल, तर रक्त नुसतं शिरेत नाही, स्नायूतही पोचलं असं समजायला हरकत नाही. (व्ही मध्ये काहीच नसेल आणि बदल दुसऱ्या रेघांत असतील, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा. फाइल उघडून विचारणारे नातेवाईक आम्हाला आवडतात, निदान मला तरी.)

मग रक्त सोडूच नये का? या प्रश्नाचं उत्तर १९७७ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगातून दिलं. शीर ४० मिनिटं बंद ठेवून उघडली तर हृदयाच्या भिंतीची सरासरी ३८ टक्के जाडी मेली. तीन तासांनी उघडली तर ५७ टक्के, सहा तासांनी ७१ टक्के. चोवीस तास बंदच ठेवली तेव्हा ८५ टक्के. मरण आतल्या थरातून सुरू होऊन बाहेर सरकत जातं. रक्त परत आल्यानं होणारी इजा धरूनच हे आकडे आहेत, तरीही लवकर उघडलेली शीर कधीही जिंकते. वीज येताना मोटरला धोका असतो म्हणून कुणी वीजच तोडत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न, स्नायू वाचवणारं औषध सोबत का दिलं नाही, तो मला सगळ्यांत जवळचा. कारण त्यावर जगानं चार दशकं घालवली आहेत आणि हाती जवळपास काही लागलेलं नाही.

सुरुवात मोठी आशादायक होती. १९८६ मध्ये त्याच ड्यूकमध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी पाहिलं की कुत्र्याची शीर पाच-पाच मिनिटं चार वेळा दाबली आणि सोडली, आणि मग ४० मिनिटं बंद ठेवली, तर मेलेला स्नायू नेहमीच्या एक चतुर्थांशावर येतो. स्नायूला जणू तालीम मिळाली होती. पण त्याच लेखातली दुसरी ओळ लोक विसरतात. शीर तीन तास बंद ठेवली तेव्हा ही तालीम उपयोगाची ठरली नाही.

पुढे लक्षात आलं की दुसऱ्याच भागाचा, म्हणजे हातापायाचा रक्तप्रवाह असा थांबवून-सोडूनही हृदयाला थोडं संरक्षण मिळतं. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांच्या पट्ट्याचा उगम हा. डेन्मार्कमध्ये ॲम्ब्युलन्समध्येच रुग्णाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून पाच मिनिटं घट्ट, पाच मिनिटं सैल, असं चार वेळा केलं. २०१० च्या त्या छोट्या अभ्यासात वाचलेला स्नायू जास्त दिसला आणि सगळ्यांच्या आशा उंचावल्या. मग ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बिया मिळून ५,४०१ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. २०१९ चा निकाल असा : वर्षभरात हृदयविकारानं मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती, पट्टा बांधलेल्यांत ९.४ टक्के आणि न बांधलेल्यांत ८.६ टक्के. म्हणजे फायदा शून्य.

मायटोकाँड्रियाचं ते दार बंद ठेवणारं सायक्लोस्पोरिन हे औषधही असंच गेलं. २००८ मध्ये ५८ रुग्णांत छान दिसलं. २०१५ मध्ये ९७० रुग्णांवर तपासलं तर औषध मिळालेले ५९ टक्के आणि न मिळालेले ५८ टक्के अडचणीत आले. शिरेतून दिलेल्या मेटोप्रोलॉल या ठोके मंदावणाऱ्या औषधानं स्पेनमध्ये जखम (मेलेल्या स्नायूचा भाग) लहान झाली, पुढच्या मोठ्या अभ्यासात तो फरक टिकला नाही. तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी तुमच्यापासून काही लपवलं, पैशासाठी काही वगळलं, असं मनातसुद्धा आणू नका. देण्यासारखं सिद्ध औषध आजही जगात कुठल्या कपाटात नाही.

असं का व्हावं? प्रयोगशाळेतला प्राणी तरुण, धडधाकट, मधुमेह नसलेला. आपला रुग्ण साठीचा, तंबाखू खाणारा, साखर वाढलेली. शिवाय आता ॲस्पिरिनसोबत गुठळी रोखणारी जी दुसरी गोळी देतात, तिच्यामुळेच काही संरक्षण आधी मिळत असावं, असं काही संशोधकांना वाटतं. आणि अण्णांना आधी दोन दिवस जे छातीत भरून येत होतं, त्यानंही स्नायूला थोडी तालीम मिळत असते. ॲटॅकच्या आधी असं दुखणं आलेल्यांत जखम काहीशी लहान राहते, असं दिसून आलं आहे. पण ताई, त्यात समाधान मानू नका. ते दोन दिवस म्हणजे ईसीजी काढून घ्यायची संधी होती.

मशीन घेऊ नका. वरच्या अभ्यासात पट्टा बांधला तो शीर उघडायच्या आधी, त्या एका तासात. तिथंही उपयोग झाला नाही. अण्णांची शीर उघडून तीन आठवडे झाले, ती मिनिटं केव्हाच गेली. ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेल्या गोळ्यांचंही तेच. मोडतोड करणारे रेणू मारायला म्हणून ई आणि सी जीवनसत्त्व द्यायची टूम निघाली होती. ब्रिटनमधल्या २० हजारांवर लोकांच्या अभ्यासात २००२ साली त्यांचा काहीच फायदा दिसला नाही. ते पैसे पुढच्या एकोला आणि रक्ताच्या तपासण्यांना ठेवा.

अण्णांचा स्नायू खऱ्या अर्थानं वाचवायची वेळ होती पहाटे चार ते सात. त्यातले अडीच तास सोडा आणि तेल यांत गेले. हे मी तुम्हाला बोल लावायला सांगत नाही. पित्त समजून बसणारी घरं शहरातही तितकीच आहेत, डॉक्टरांची घरंही त्यात आली. पण तुमच्या भावाला, शेजाऱ्यांना, ऊसतोडीच्या टोळीतल्या लोकांना सांगा : छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ, १०-१५ मिनिटांत थांबलं नाही की १०८. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, रक्तस्रावाचा आजार नसेल आणि फोनवरच्या डॉक्टरांनी होकार दिला, तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची. मोटारसायकलवर मागं बसवून न्यायचं नाही.

आता ३८ टक्क्यांचं. हा आकडा अजून कायमचा नाही. रक्त परत मिळालेला पण दमलेला स्नायू काही दिवस ते काही आठवडे हलत नाही, सुन्न पडून राहतो. १९८२ मध्ये ब्रॉनवाल्ड आणि क्लोनर यांनी या अवस्थेला ‘स्टन्ड मायोकार्डियम’ (सुन्न पडलेला हृदयस्नायू) हे नाव दिलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच्या एकोत मेलेला आणि सुन्न पडलेला स्नायू सारखेच निपचित दिसतात. म्हणून परत एको सहा आठवड्यांनी किंवा तीन महिन्यांनी. तोवर किती वर येईल हे कुणी सांगू शकत नाही. पाच-दहा टक्के वाढलेले पुष्कळ पाहिले आहेत, तेवढेच राहिलेलेही पाहिले आहेत. तेवढेच राहूनही दुकान, शेत नीट सांभाळणारे आहेत.

मधल्या काळात जखम झालेलं हृदय हळूहळू फुगत जाऊ नये, हे पाहायचं. त्याला मात्र सिद्ध औषधं आहेत आणि ती बहुधा अण्णांच्या चिठ्ठीत असतीलच : रामिप्रिलसारखी एक, मेटोप्रोलॉल किंवा कार्वेडिलॉल, एप्लेरेनोन किंवा स्पायरोनोलॅक्टोन, कोलेस्टेरॉलची गोळी, आणि अलीकडे मधुमेहाच्या औषधांतून आलेली डापाग्लिफ्लोझिनसारखी. कमी डोसनं सुरू करून रक्तदाब सोसेल तसं वाढवतात, म्हणून ‘तीच चिठ्ठी तीच गोळी’ करत वर्ष काढू नका, महिन्याला दाखवा. कोरडा खोकला आला तर रामिप्रिल बदलून मिळते, परस्पर बंद करायची नाही. ॲस्पिरिनसोबतची दुसरी गोळी साधारण वर्षभर, दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही. नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर पहिल्या ॲटॅकपेक्षा वाईट.

दोन गोष्टी खेड्यात हमखास चुकतात. गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक : ते बंद, दुखलंच तर पॅरासिटामॉल. आणि बीपीसाठी म्हणून कुणीतरी आणून दिलेलं कमी सोडियमचं मीठ. त्यात पोटॅशियम असतं. रामिप्रिल आणि एप्लेरेनोन चालू असताना रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढायला बसलेलं असतं, त्यात हे मीठ म्हणजे ठोके थांबायची सोय. साधंच मीठ, पण कमी. लोणचं, पापड, ठेचा ताटातून बाजूला. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) गोळी सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत आणि मग डॉक्टर सांगतील तसं तपासायचं. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर तारखेची वाट पाहू नका.

तंबाखूचं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. चंची घरात असेल तर ती आधी जाऊ द्या, भावाचीसुद्धा. आणि भावाचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल या महिन्यात तपासून घ्या.

राहिली आषाढी. निवृत्तिनाथांची पालखी करमाळ्यावरूनच जाते, तेव्हा अण्णांचा जीव कुठं अडकलाय ते कळतं. पायी वारी यंदा नको. ऊन, अपुरी झोप, वेळी-अवेळी जेवण आणि चुकलेल्या गोळ्या, हे सगळं एकदम पेलण्याइतकं हृदय अजून सावरलेलं नाही. घरी मात्र चालायचं. आत्ता पाच-दहा मिनिटं, सपाटीवर, बोलता येईल इतक्याच वेगानं, आणि दर आठवड्याला थोडं वाढवत. तीन महिन्यांचा एको बरा आला आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल नीट झाली, तर पुढच्या वर्षी टप्पा-दोन टप्पे चालायचं ठरवता येईल. या वर्षी पालखी गावात येईल तेव्हा सावलीत बसून दर्शन घ्यावं. पंढरपूरला गाडीनं जावं, पददर्शनाच्या रांगेत तासन् तास उभं न राहता मुखदर्शन करून यावं. गोळ्यांचा डबा, जिभेखाली ठेवायची गोळी आणि स्टेंटचं कार्ड अण्णांच्या बंडीच्या खिशात, तुमच्या पिशवीत नाही.